सोलचं जोंगग्वानहॉन: कॉफीच्या आशेने जाऊ नका

"सम्राटाच्या कॅफेत कॉफी प्या" छापाचे व्हिडिओ पाहून सोलला निघाला असाल तर आधीच सांगतो, देओक्सुगुंग राजवाड्यातल्या जोंगग्वानहॉन या दालनात कॅफे नाही. कोरियाचा सम्राट गोजोंग इथे कॉफी घेत असे असं सांगतात, पण आपल्याला कोणी कप देत नाही. याच दालनात त्याच्या कॉफीत विष घातलं गेलं, हीदेखील थाप आहे. तो प्रकार १८९८ चा आणि ही वास्तू साधारण १९०० ची.

दुसरा वैताग हानबोकचा, म्हणजे कोरियाच्या पारंपरिक पोशाखाचा. भाड्याच्या दुकानात आम्हाला "हानबोक घाला, राजवाड्यात प्रवेश फुकट" हे पुन्हा पुन्हा ऐकवलं. फुकट आहे हे खरं, पण देओक्सुगुंगचं तिकीटच १,००० वॉन, म्हणजे साठ-सत्तर रुपये! भाडं त्याच्या कितीतरी पट. फोटोंची हौस असेल तर खुशाल घ्या, पैसे वाचतील म्हणून मुळीच घेऊ नका.

आणि सोलचा मोठा राजवाडा ग्योंगबोकगुंग पाहून तसेच चालत इकडे येऊ नका. नकाशावर रस्ता सरळ दिसतो, पण आधीच तिथल्या अंगणांत पाय मोडलेले, त्यात ऑगस्टचं दमट ऊन आणि त्याच्या ग्वांगह्वामुन दरवाज्यापासून पुढे नुसता तापलेला फरसबंद रस्ता. अतिशय भिकार चाल. मेट्रोने सिटी हॉल स्टेशनला उतरा. एक नंबर लाइनचा २ नंबरचा दरवाजा घेतला की राजवाड्याचं दार समोरच.

संध्याकाळी जा. रात्री नऊपर्यंत उघडं असतं, आठनंतर आत सोडत नाहीत. गोजोंगचा मृत्यू १९१९ मध्ये ज्या हाम्न्योंगजॉन महालात झाला, त्याच्या मागच्या चढावर जोंगग्वानहॉन आहे. दिवे लागल्यावर ते पाहिलं आणि सगळा शीण उतरला. छप्पर कोरियन वळणाचं, खाली विटांचं बांधकाम, तीन बाजूंना उघडी पडवी. रचना रशियन वास्तुकार साबातिनची मानतात. पडवीचे खांब युरोपीय घाटाचे, पण लाकडाचे. कठड्याच्या जाळीत पाइन, हरणं आणि वटवाघळं. कोरियात वटवाघूळ शुभ, म्हणून राजाच्या कठड्यावर त्याला जागा. पूर्वजांची राजचित्रंही काही काळ इथे ठेवली होती. घाईने फोटो काढून पळू नका, कठड्याचा एकेक भाग जवळून बघा. माझ्या मते ग्योंगबोकगुंगच्या सगळ्या गर्दीपेक्षा ही एवढीशी पडवी भारी आहे.

त्याच आवारातली सॉकजोजॉन ही इमारत पूर्ण पाश्चात्त्य, दगडी, १९१० मध्ये पुरी झालेली. ज्या वर्षी जपानने देश गिळला, तेच वर्ष. आतून पाहायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी करा. सोमवारी देओक्सुगुंग बंद, मंगळवारी ग्योंगबोकगुंग. आणि पाय मोडायचे नसतील तर दोन्ही राजवाडे वेगवेगळ्या दिवशी ठेवा.