साडेतेरा अंगुळे व काही अधिक

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधनाचे काम करतो. गेल्या पावसाळ्यात, जैनांच्या दशलक्षण पर्वाच्या आधी घरोघरी देता यावे म्हणून, जैन ग्रंथांतील लोकरचनेची, म्हणजे विश्वाच्या रचनेची, सोप्या मराठीत ओळख करून देणारे एक स्वाध्याय-पुस्तक आमच्याकडे छपाईला आले होते. लेखक शाहूपुरीत राहणारे एक निवृत्त शिक्षक. त्यांना सगळेच अण्णा म्हणतात. दोन प्रुफे वाचून झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटा काढायच्या होत्या. अशा वेळी पानांची जुळणी करणारी आमच्याकडची मुलगी, जी गणित घेऊन बी.एस्सी. झालेली आहे, दोन पाने हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "काका, यातला एक तरी आकडा चुकलाय. मला तर दोन्ही चुकलेले वाटतात."

दोन्ही पानांवर एकच माप होते. जंबुद्वीप वर्तुळाकार आहे आणि त्याचा व्यास एक लाख योजने आहे, असे जैन ग्रंथ सांगतात. परिघाविषयी पहिल्या पानावर जंबुद्वीपप्रज्ञप्ती या आगमग्रंथाच्या आधारे लिहिले होते : ३,१६,२२७ योजने, ३ कोस, १२८ धनुष्ये, साडेतेरा अंगुळे व काही अधिक. दुसऱ्या पानावर यतिवृषभाचार्यांच्या तिलोयपण्णत्ती या प्राकृत ग्रंथातील आकडा होता. धनुष्यांपर्यंत तो तंतोतंत तोच होता, पण पुढे १३ अंगुळे, ५ यव, १ यूका, १ लीक्षा असे करत तो आणखी नऊ पायऱ्या खाली उतरत होता आणि शेवटी एक अपूर्णांक देऊन थांबत होता : २३,२१३ छेद १,०५,४९०.

पहिली शंका तिथल्या तिथे मिटली. आठ यवांचे एक अंगुळ होते, म्हणजे पाच यव हे अर्ध्या अंगुळाहून थोडे जास्त. "साडेतेरा व काही अधिक" यात ते नीट बसते. दुसरी शंका मात्र मिटण्यासारखी नव्हती. परिघाची रीत अण्णांनीच आधीच्या प्रकरणात दिली होती : व्यासाचा वर्ग करावा, त्याची दहापट करावी आणि तिचे वर्गमूळ काढावे. मुलीने ते मूळ कॅल्क्युलेटरवर काढले होते. चार कोसांचे योजन, दोन हजार धनुष्यांचा कोस आणि ९६ अंगुळांचे धनुष्य या हिशेबाने योजने, कोस, धनुष्ये सारे जुळत होते. अंगुळे मात्र १२.९३ येत होती, म्हणजे पुरती तेरासुद्धा नाहीत. मी दोन वेळा करून पाहिले आणि तेच उत्तर आले. घाईत मी साडेतेरावर लाल शाईची रेघ मारली आणि समासात "सुमारे १३" असे लिहिले. मुद्रितशोधकाने मजकुरातील आशयाला स्वतःच्या मताने हात लावायचा नसतो, हे तीस वर्षे पाळलेले पथ्य मी त्या क्षणी मोडले होते. ते पान हातात घेतल्यावर मला स्वस्थ बसवेना. दुपारी धो धो पावसात, प्रुफे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, मुलीला बरोबर घेऊन मी अण्णांच्या घरी गेलो.

अण्णांनी माझी लाल रेघ पाहिली. ते रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. "हा आगमातला, धर्मग्रंथातला, आकडा आहे. तो चूक म्हणणारे आपण कोण?" एवढेच ते म्हणाले. मुलगी अदबीने, पण ठामपणे म्हणाली, "अण्णा, खरा परिघ तर याहूनही कमी, ३,१४,१५९ योजने भरतो. दहाचे मूळ ३.१६२ आहे आणि पाय (π) ३.१४१." यावर तिच्याशी वाद घालण्याजोगे काही नव्हते. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटानेच २०,००० व्यासाला ६२,८३२ परिघ सांगितला होता आणि तोही 'आसन्न', म्हणजे जवळचा, असे स्वतःच म्हटले होते. धर्मग्रंथातील गणित आजच्या गणिताशी जुळले नाही की योजनाची लांबीच वेगळी होती, अंगुळ निराळे होते, अशी ओढाताण करणारे लोक मी पाहिले आहेत. ती मला कधीच पटलेली नाही. मापाचे एकक कितीही ताणले तरी परिघ आणि व्यास यांचे गुणोत्तर तेच राहते, आणि ज्याने एवढ्या कष्टाने बारीक हिशेब मांडला त्याचे म्हणणे ऐकून न घेताच आपण त्याच्या बाजूने वकिली करतो, असे मला वाटते.

म्हणून मी अण्णांना विनंती केली की दहाचे मूळ बरोबर की पाय बरोबर हा प्रश्न बाजूला ठेवू आणि त्या काळच्या माणसाने हे मूळ हाताने कसे काढले असेल ते करून पाहू. अण्णांनी जुन्या वहीचे कोरे पान काढले. एकावर अकरा शून्ये ही संख्या, आणि तिचे भागाकाराच्या रीतीने मूळ. शाळेत आयुष्यभर शिकवलेली रीत त्यांच्या बोटांत होती. पाच-सात मिनिटांत ३,१६,२२७ हे पूर्णांक मूळ आले आणि बाकी उरली ४,८४,४७१. दशांश चिन्हाची सोय नसताना पुढे काय करायचे? बाकीला मुळाच्या दुपटीने भागायचे, ही जुनी रीत अण्णांनाच आठवली. मुळाची दुप्पट ६,३२,४५४. बाकीचे कोस करण्यासाठी चारने गुणले, भागले, तीन आले. उरलेल्याला दोन हजारांनी गुणले, १२८ धनुष्ये आली. उरलेल्या ८९,८८८ ला ९६ ने गुणून भाग दिला आणि अण्णांची पेन्सिल थांबली. तेरा पूर्ण अंगुळे, आणि बाकी भाजकाच्या निम्म्याहून जास्त. साडेतेरा व काही अधिक!

मुलीने लगेच कारण सांगितले. या रीतीत अपूर्णांकाचा स्वतःचा वर्ग हिशेबात धरलेला नसतो, त्यामुळे आलेले मूळ खऱ्या मुळापेक्षा नेहमी किंचित जास्त भरते. इथे ती वाढ पाऊण अंगुळाहूनही थोडी कमी होती, तीन लाख सोळा हजार योजनांत.

मग ते अपूर्णांकाचे कोडे समोर आले. दहाचे वर्गमूळ कुठल्याही अपूर्णांकात पुरते मावत नाही, हे आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. तरीही ग्रंथकार बारा पायऱ्या उतरून एक नेमका अपूर्णांक देतो, याचा अर्थ त्याने सुरुवातीलाच भागाकाराची रीत स्वीकारली होती आणि तो छेद त्याच भाजकातून आलेला असला पाहिजे. मी १,०५,४९० ला सहाने गुणले, तर ६,३२,९४० आले. भाजक होता ६,३२,४५४. इतके जवळ, आणि तरी जुळत नाही. अण्णा उठले आणि कपाटातून कापडात बांधलेली मूळ प्रत घेऊन आले : डॉ. आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी संपादित केलेला, सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९४३ साली काढलेला पहिला भाग. उपाध्ये आपल्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवत असत, त्यामुळे त्या प्रतीविषयी अण्णांना घरच्या वस्तूसारखी आपुलकी आहे. चौथ्या महाधिकारात, म्हणजे प्रकरणात, त्यांचे बोट थांबले. छेद १,०५,४०९ होता. आमच्या टंकलेखनात शेवटचे दोन अंक उलटे पडले होते आणि दोन्ही प्रुफांत ते माझ्या नजरेतून सुटले होते.

१,०५,४०९ गुणिले सहा, ६,३२,४५४.

तरीही मुलीला संपूर्ण पडताळा हवा होता. तिने अण्णांच्या हातातून पेन्सिल घेतली आणि उरलेल्या ४,०७,३४६ ला आठाने गुणायला आणि भाजकाने भागायला सुरुवात केली. यव पाच. यूका एक. लीक्षा एक. (यूका म्हणजे आपली ऊ आणि लीक्षा म्हणजे लीख. माप इतके घरगुती असू शकते, याचे मला फार अप्रूप वाटले.) पुढे केसाच्या टोकांची मापे आली, मग रथरेणू, त्रसरेणू अशी धूलिकणांची मापे, आणि प्रत्येक पायरीला अण्णा ग्रंथात पाहून आकडा मोठ्याने वाचायचे आणि ती आपला आकडा सांगायची. एकदाही फरक पडला नाही. बाराव्या पायरीला, अवसन्नासन्न या शेवटच्या मापापाशी, तीन आले आणि बाकी उरली १,३९,२७८. तिने सहाने भागले आणि कागद अण्णांपुढे सरकवला. २३,२१३. अण्णांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि आत हाक मारून तिच्यासाठी दूध आणायला सांगितले.

तळटीप कशी लिहायची यावर आमचा अर्धा तास गेला. अण्णांना आधी ती नकोच होती. मी म्हणालो, की वाचणाऱ्यांत या मुलीसारखी मुले असतील. आपण न सांगता सोडले तर ती ग्रंथालाच चूक ठरवतील. शेवटी असे ठरले : परिघ दहाच्या वर्गमुळाने काढलेला आहे, आजचे गुणोत्तर त्याहून कमी आहे, आणि अंगुळांचा आकडा बाकीला मुळाच्या दुपटीने भागण्याच्या रीतीने येतो, हे तिन्ही मुद्दे सरळ सांगायचे आणि पडताळ्यासाठी सगळा भागाकार परिशिष्टात द्यायचा. परिशिष्टामुळे पाने वाढली, फर्म्याचे, म्हणजे एका कागदावर एकत्र छापायच्या पानांचे, गणित बदलले आणि मालकांचे चार शब्द ऐकावे लागले.

संध्याकाळी छापखान्यात परत आल्यावर साडेतेरावरच्या लाल रेघेखाली मी टिंबे दिली आणि समासात "आहे तसेच ठेवावे" असे लिहिले. दुसऱ्या पानावर १,०५,४९० ची दुरुस्ती केली. प्लेटा एक दिवस उशिरा निघाल्या.