अडीचचा ब्लॉक अखेर हलला

दुपारच्या ब्लॉकचं, म्हणजे दिवसाच्या मुख्य कामासाठी राखलेल्या वेळेचं, कोडं बहुतेक सुटलंय! ‘बहुतेक’ अशासाठी, की अर्धा भाग अजून अडलेला आहे. पण या आठवड्यात पहिल्यांदाच अडीचला वही उघडली आणि अडीचलाच पेन चालायला लागलं. तारांकित काम सलग दोन्ही ब्लॉकमध्ये पुढे सरकलं. मागच्या नोंदी वाचणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

नव्यांसाठी थोडक्यात. सकाळी निरोप-मेल उघडण्याआधी दिवसाच्या पानावर एकाच कामापुढे तारा काढायचा. ‘आज एवढंच झालं तरी दिवस सत्कारणी लागला’ असं ज्याच्याबद्दल वाटेल, ते काम. त्याला दोन ब्लॉक: सकाळी नव्वद मिनिटं, दुपारी साठ. बाकीची बारीकसारीक कामं मधल्या वेळेत, एकगठ्ठा. माझा तारा सध्या मुलांसाठीच्या भूमितीच्या पुस्तिकेवर आहे. सकाळचा ब्लॉक कधीचाच रुळलाय. दुपारचा मात्र सतत बाण (वहीतली ‘पुढे ढकललं’ ची खूण) होऊन उद्याच्या पानावर जायचा.

पहिला संशय अर्थातच सुस्तीवर होता. दुपारी शरीराच्या घड्याळातच एक उतार असतो, न जेवताही तो जाणवतो, म्हणून ब्लॉक चारवर ढकलून पाहिला. फरक शून्य. मग वाटलं टायमर बदलावा, तोही बदलला (त्याबद्दल खाली). जागा बदलली, तरीही पहिली पंधरा-वीस मिनिटं वाया जायची आणि मग ‘आता उरलेल्या वेळात काय होणार’ म्हणून उरलेलीही जायची.

शेवटी ब्लॉकवर उपाय शोधणं थांबवलं आणि फक्त त्याची पहिली दहा मिनिटं नोंदवायला घेतली. समासात एकेक अक्षर: डोळे मिटायला लागले तर झ, हात फोनकडे गेला तर फ, डोक्यात आधीचंच काम घोळत असेल तर म. पान भरल्यावर बघितलं तर झ अगदी तुरळक, फ अधूनमधून, आणि म जिकडेतिकडे. शिवाय बहुतेक फ हे म च्या लगेच नंतर आलेले. म्हणजे फोन हे कारण नव्हतंच. मन मागे अडकलेलं, म्हणून हात फोनकडे. या अक्षरांनी मला जेवढं शिकवलं, तेवढं कुठल्याही ॲपच्या रंगीत आलेखाने शिकवलेलं नाही.

मग कामातल्या लक्षाचा अभ्यास करणाऱ्या संशोधक सोफी लरॉय यांच्या कामाकडे वळले. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे गेलं की लक्षाचा एक भाग पहिल्याच कामापाशी रेंगाळतो, हे त्यांनी २००९ मध्ये मांडलं. इथे अनेकांना ते माहीत आहे. माझ्याकडून निसटलेला भाग म्हणजे थेरेसा ग्लॉम्ब यांच्यासोबतचा २०१८ चा अभ्यास: काम सोडण्याआधी मिनिटभर थांबून ‘कुठवर आलोय आणि परतल्यावर काय करायचं’ हे लिहून ठेवलं, की ते रेंगाळणं कमी होतं. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांचा २०११ चा अभ्यासही याच बाजूचा. अपुरं काम मनात टोचत राहतं, पण ते कधी आणि कसं पुरं करायचं हे नेमकं ठरलं, की काम झालेलं नसतानाही टोचणी ओसरते.

हे वाचल्यावर माझा दिवस वेगळाच दिसायला लागला. सकाळचा ब्लॉक मी घंटा वाजली की जिथल्या तिथे सोडत होते. मग मेलचा गठ्ठा, तोही अर्धाच उरकलेला. अडीचला डोक्यात एकाऐवजी दोन अर्धवट कामं, आणि मी शोधत होते ती मात्र सुस्ती.

आता घंटेआधी थोडा वेळ राखून तीन ओळी लिहिते. परवाच्या जशाच्या तशा देते:

थांबले: स्पर्शिका, आकृती ४.
अडलंय: त्रिज्या आणि स्पर्शिका यांच्यातला काटकोन आधी सांगायचा की मुलांना मोजून सापडू द्यायचा? कल सापडू देण्याकडे.
पहिली हालचाल: कंपासने ४ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढणे, त्यावर बिंदू प घेणे.

सगळी ताकद तिसऱ्या ओळीत आहे. ‘स्पर्शिकेचं प्रकरण पुढे नेणे’ असं लिहिलं की ती ओळ मेली. हाताला करता येईल अशी कृती हवी, जिला विचार लागत नाही. अडीचला कंपास उचलला, वर्तुळ काढलं, बिंदू घेतला, आणि तोवर डोकं आपसूक भूमितीत शिरलेलं होतं. त्या दिवशी घंटा वाजल्यावरही थांबावंसं वाटेना. आकृती ४ सोडा, ५ सुद्धा झाली! मेलच्या गठ्ठ्यालाही आता एक ओळ पुरते: ‘उरलेली उत्तरं पाच वाजता.’

टायमरबद्दल. फोनवरचा टायमर मी पूर्ण बंद केलाय. तो लावायला फोन हातात घ्यावाच लागतो, आणि पडद्यावरचे निरोप तिथेच वाट बघत असतात. उलटवायचा ठोकळा-टायमर सुंदर, पण त्यावर ठरावीकच मिनिटं मिळतात. फ्रान्चेस्को चिरिलो यांनी ज्यावर पोमोडोरो (पंचवीस मिनिटं काम, मग छोटी विश्रांती ही पद्धत) बसवला तसला किल्लीचा स्वयंपाकघरी टायमर मला अजूनही सगळ्यांत भावतो. पीळ दिला की सुरू, बघायला दुसरं काही नाही. मात्र पंचवीस मिनिटांचं माप आकृत्यांच्या कामाला तोकडं पडतं. लेखनाला ठीक.

वहीची तक्रारही नोंदवते. यावेळी एका नव्या विक्रेत्याकडून डॉट ग्रिड, म्हणजे रेघांऐवजी ठिपक्यांची वही, मागवली. कागद ९० जीएसएम सांगितलेला, पण फाउंटन पेनची शाई पाठीमागे उतरते आणि ठिपके इतके गडद की तीन ओळींची टीप त्यात हरवते. जेल पेनने निभावतेय. पुढची वही जुन्याच ठिकाणाहून.

सवयीच्या तक्त्यातही एक बदल केलाय. एक दिवस चुकला की साखळी शून्यावर आणायची पद्धत मी सोडली. फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला माणसागणिक १८ ते २५४ दिवस असा प्रचंड फरक दिसला होता, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नव्हतं. मग शून्य कशासाठी?

आता अडलेला अर्धा भाग. घंटेने थांबले तर तीन ओळी लिहिता येतात. अचानक हाक आली, फोन वाजला, कुणी दारात आलं, तर नाही. अशा वेळी ‘एक मिनिट थांबा’ म्हणून लिहायला बसणं प्रत्येक वेळी शक्य नसतं, आणि समोरच्याला ते रुचतही नाही. असे दिवस अजूनही पूर्वीसारखेच म ने भरतात. यावर मी टेबलावर कोऱ्या कार्डांची चवड ठेवायचं ठरवलं होतं, उठता उठता एक ओळ खरडायला.

पण हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलं. टीप थांबतानाच का लिहायची? काम चालू असतानाच उजव्या समासात ‘पुढे’ म्हणून एक अरुंद रकाना ठेवला आणि प्रत्येक आकृती किंवा परिच्छेद सुरू करतानाच त्याच्या नंतरची हालचाल तिथे लिहिली, तर? हाक कधीही येवो, टीप आधीच तयार. थांबण्याआधी लिहिण्याचा ताणच नाही. दुसरी ओळ, म्हणजे ‘अडलंय’, अशी आधी लिहिता येणार नाही हे उघड आहे, पण परतायला तिसरीच लागते. शंका एवढीच, की दर पंधरा मिनिटांनी समासाकडे वळल्याने कामाची लय तुटेल का. आकृत्यांमध्ये बहुधा नाही, कारण कंपास ठेवून पट्टी घेताना हात तसाही थांबतो. लेखनात कदाचित तुटेल.

तर कार्डं रद्द. सोमवारपासून उजव्या पानावर तीन सेंमीचा रकाना आखतेय, आधी फक्त आकृत्यांच्या दिवशी. म, फ, झ ची नोंद चालूच राहील, म्हणजे अचानक तुटलेल्या दिवसांतला म घटतोय का ते कळेल. सुट्या पानांची फाइल वापरणाऱ्यांपैकी कुणी असा चालता समास ठेवून पाहिला असेल, तर दोन गोष्टी नक्की सांगा: रकाना किती रुंद ठेवलात, आणि लेखनाच्या दिवशी तो टिकला का?