एम्पायर की राइम, आणि दोन मिनिटं कापायची कुठून

आमच्या ग्रुपमध्ये आयर्न मेडन ह्या ब्रिटिश मेटल बँडवरून भांडायला कारण लागत नाही. कोणीतरी त्यांच्या 'एम्पायर ऑफ द क्लाउड्स' गाण्याचं नाव काढायचा अवकाश, ड्रम वाजवणारा मित्र लगेच सुरू, "ते गाणं आहे का पिक्चर?" आणि मग दादर स्टेशनबाहेरच्या टपरीवरची बाकीची गिऱ्हाईकं आमच्याकडे बघत बघत चहा संपवतात. परवा परत तेच झालं. चार जण एकदम ओरडत असताना मला जे धड बोलता आलं नाही ते इथे लिहून टाकतोय.

नवीन लोकांसाठी पटकन. मेडनची दोन लांबलचक गाणी. पहिलं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर', १९८४ च्या 'पॉवरस्लेव्ह' अल्बममधलं, पावणेचौदा मिनिटांच्या आसपास, बँडचा बासवाला स्टीव्ह हॅरिस, त्याने इंग्रज कवी कोलरिजच्या १७९८ च्या कवितेवरून लिहिलेलं. हे एकतीस वर्षं त्यांचं सगळ्यात लांब गाणं होतं. मग २०१५ ला 'द बुक ऑफ सोल्स' आला, दोन सीडींचा, आणि त्याच्या शेवटी गायक ब्रूस डिकिन्सनने एकट्याने लिहिलेलं 'एम्पायर', अठरा मिनिटं एक सेकंद, आणि सुरुवातीला चक्क पियानो, तोही स्वतः वाजवलेला. दादरला फास्ट पकडून लावलंत तर अंधेरीच्या आसपास संपतं.

ड्रमवाला राइमच्या बाजूचा. त्याचं म्हणणं असं की एम्पायर मेटल म्हणून लावायचं आणि गिटार अंगावर येईपर्यंत माणसाची दाढी वाढते. व्हायोलिन काय, चेलो काय, लग्नाचं रिसेप्शन आहे का. त्याच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे तो म्हणजे १ फेब्रुवारी २००८. त्या दिवशी बीकेसीत मेडनच्या 'समव्हेअर बॅक इन टाइम' टूरचा पहिलाच शो झाला, म्हणजे ऐंशीच्या दशकानंतर राइम परत स्टेजवर आलं ते जगात सगळ्यात आधी आपल्या मुंबईत, लंडनमध्ये नाही, न्यूयॉर्कमध्ये नाही, बांद्रा-कुर्ल्याच्या धुळीत. डिकिन्सन त्या टूरला बँडचं बोइंग ७५७ स्वतः चालवायचा. आम्ही तिघं तिथे होतो त्यामुळे ह्या विषयावर आम्ही जरा जास्तच भाव खातो हे मान्य आहे.

आणि खरं सांगायचं तर राइम स्टेजवर भारीच चालतं. घोडदौडीचा रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी धून, मग मध्येच सगळं थांबतं, फक्त बास, जहाजाची लाकडं कुरकुरल्यासारखा आवाज, आणि कोलरिजच्या ओळी बोलून दाखवलेल्या. एवढ्या मोठ्या मैदानात इतका वेळ शांतता ठेवायला छाती लागते राव. पण हॅरिस हुशार आहे, तो तुम्हाला समुद्रात नेतो आणि शेवटी पहिल्याच रिफवर परत आणून सोडतो, त्यामुळे पावणेचौदा मिनिटं गेली हे कळतसुद्धा नाही. एम्पायरमध्ये अशी सोय नाही. कोरस म्हणून लोकांनी हात वर करून ओरडावं असं काही नाही, आणि म्हणूनच की काय बँडने ते अजून एकदाही लाइव्ह वाजवलेलं नाही.

आता माझी बाजू.

एम्पायर हे आर-१०१ नावाच्या ब्रिटिश हवाई जहाजाबद्दल आहे. विमान नाही, हायड्रोजनने भरलेला अवाढव्य सिगारच्या आकाराचा फुगा, आतल्या गॅसच्या पिशव्यांना बैलांच्या आतड्यांचं अस्तर (हो, खरंच). ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी ते इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनहून निघालं आणि त्याच रात्री वादळी हवेत फ्रान्समध्ये बोव्हेजवळ टेकडीवर पडून पेटलं. ५४ जणांपैकी ४८ मेले. आणि ते निघालं कुठे होतं? कराचीला. १९३० चं कराची म्हणजे मुंबई इलाखा, सिंध वेगळा झाला १९३६ ला! त्या जहाजासाठी कराचीत प्रचंड मोठी शेड बांधून तयार होती. म्हणजे ते पोचलं असतं तर आपल्याच इलाख्यात उतरलं असतं.

अजून ऐका. त्यात जो हवाई खात्याचा मंत्री होता, लॉर्ड थॉमसन, ज्याला काही करून ठरलेल्या तारखेला हिंदुस्थानात जाऊन परत यायचं होतं, त्याचा जन्म नाशिकचा. १८७५. हे मी टपरीवर सांगितलं तेव्हा आमच्यातला नाशिककर, जो पाच मिनिटांपूर्वी ड्रमवाल्याच्या बाजूने टेबलावर हात आपटत होता, तो सरळ पार्टी बदलून माझ्याकडे आला. काहीही म्हणा, गाववाला तो गाववाला.

पण मुद्दा नाशिकचा नाही. मुद्दा असा की ही गोष्ट कशी संपणार हे ऐकणाऱ्याला आधीच माहीत असतं, निदान दुसऱ्यांदा ऐकताना तरी. मग गाणारा काय करणार? तो घाई करत नाही. लोक जहाजात चढतायत, सामान चढतंय, सगळे खुशीत आहेत, पियानो आपला निवांत चाललाय, आणि तुम्ही बसून मनात म्हणताय, अरे उतरा, उतरा. त्या संथपणाचा जो त्रास होतो ना, त्याच्यासाठीच ती सुरुवात आहे. पियानो कापून सरळ रिफवर आलात तर पडलेलं जहाज मिळेल, माणसं मिळणार नाहीत. नंतर बँड सगळा मिळून मोर्स कोडमधला एसओएस, म्हणजे 'वाचवा'ची खूण, वाजवतो, तीन छोटे तीन मोठे तीन छोटे, तो ठोका पहिल्यांदा लक्षात आला तेव्हा मी गाणं मागे नेऊन परत ऐकलं होतं.

लालबागच्या मित्राने मध्येच फाटा फोडला की हा पोवाडा आहे. घडलेली घटना, तारीख-वार, कोण कोण पडलं, सगळं सांगून शाहीर शेवटी त्यांना मुजरा करतो, फरक काय? मला हे एकदम पटलं. त्यावर ड्रमवाला, "पोवाड्यात जी जी रं जी तरी असतं, इथे तेही नाही." च्यायला, ह्याला उत्तर नाही माझ्याकडे.

आमच्यात एक इंजिनीअर आहे, त्याचा आक्षेप तिसराच. गाण्यात म्हटलंय की टायटॅनिक ह्याच्या आत मावेल. तो फोनवर आकडे काढूनच बसला होता, टायटॅनिक ८८२ फूट, आर-१०१ ७७७ फूट, कसं मावणार, शंभर फूट बाहेर राहील. बरोबर आहे त्याचं. पण पोवाड्यात कोणी फूटपट्टी घेऊन बसतं का, आणि कोलरिजच्या कवितेत मेलेले खलाशी उठून जहाज चालवतात ते चालतं ह्याला.

हां, एम्पायरमध्ये खोट नाहीच असं मी म्हणत नाही. एसओएसनंतर वाद्यांचा जो पट्टा आहे तो ताणलाय. तिथे तीन गिटारिस्ट आहेत म्हणून प्रत्येकाला काहीतरी द्यायचं असं वाटतं, वादळ एकदा येऊन गेलं की परत परत येतं आणि भीती कमी होत जाते. माझ्या हातात कात्री दिली तर तिथून दोनेक मिनिटं काढीन आणि पियानोला हात लावणार नाही. ड्रमवाला बरोबर उलटं करील. शेवटचा भाग, जिथे सगळं विझतं आणि परत पियानो आणि आवाज उरतो, तो मात्र त्यालाही आवडतो, फक्त तो ते चारचौघांत बोलत नाही, एकदा माझ्याकडे बोललाय.

तर गाणं म्हणून राइम, सांगणं म्हणून एम्पायर, असं माझं मत. दोन्ही एकाच पट्टीवर मोजायचं आणि वर म्हणायचं लांब झालं, ह्याला काय अर्थ आहे. राइम मी कामं करता करता लावतो, एम्पायर नाही लावत, ते रात्री घरातले झोपल्यावर हेडफोन घालून.

आता ड्रमवाल्याने नवीनच काढलंय की लांब गाण्यांत ओपेथ ह्या स्वीडिश बँडचं 'ब्लॅक रोझ इम्मॉर्टल' ह्या दोघांनाही खातं, वीस मिनिटं, आणि त्यातला एकही सेकंद फुकट नाही म्हणे. त्यावर पुढच्या वेळी टपरीवर बोलू. तोपर्यंत तुम्ही सांगा, कात्री तुमच्या हातात असती तर कुठून कापलं असतं? 'कुठूनच नाही' हे उत्तर चालणार नाही, आमच्यातल्या तिघांनी तेच दिलंय.