भोंगा झाला का?

जुलैतली दुपार. लालबागच्या आमच्या खोलीत सासूबाई खिडकीशी वाती वळत बसल्या होत्या. मी डाळ धुवून आले तर कापूस मांडीवर तसाच. बोटं नुसती फिरत होती, वात काही होत नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भोंगा झाला का गं? ह्यांचा डबा भरायचाय."

१९८२च्या संपानंतर आमच्या घरी गिरणीचा डबा कधी भरलाच नाही. सासरे जाऊनही अकरा वर्षं झाली.

नवरा म्हणाला, आईचं वय झालं, आता असं व्हायचंच. मलाही तेच वाटलं, आणि त्याची रुखरुख अजून जात नाही. कपाळ गार, थर्मामीटरवर ९९, खोकला अगदी नावाला. सकाळची भाकरी तशीच राहिली होती, तीही पावसाळ्यात भूक मंदावते म्हणून मी झाकून ठेवली. रात्री मोरीत जाताना आई कोलमडल्या.

शेजारच्या ताई निवृत्त नर्स. त्यांनी आईंच्या छातीवर नजर ठेवून घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला २८. ऑक्सिमीटरवर ९०. "ताप नाही म्हणून सकाळची वाट बघू नका," एवढंच म्हणाल्या आणि स्वतः टॅक्सी थांबवायला खाली उतरल्या. एक्स-रेत उजव्या बाजूला न्यूमोनिया निघाला.

डॉक्टरांनी मला नीट समजावलं. म्हातारपणी जंतुसंसर्ग झाला तरी अंग तापेलच असं नाही. मुळात त्यांचं रोजचं तापमानच कमी असतं. आईंचं ९७ असेल, तर ९९ म्हणजे त्यांच्यासाठी तापच. विसराळूपणा महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. एक-दोन दिवसांत माणूस एकदम भ्रमिष्टासारखं बोलायला लागला, घटकेत बरा, घटकेत हरवलेला, तर तो डिलिरियम. त्यामागे न्यूमोनिया असू शकतो, लघवीचं इन्फेक्शन असू शकतं. जेवण तुटणं, पडणं, गुंगीत राहणं हीसुद्धा लक्षणंच.

आठ दिवसांनी आई घरी आल्या. भोंग्याचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. फ्लूची लस दरवर्षी पावसाआधी आणि न्यूमोनियाची वेगळी, दोन्ही आता डॉक्टरांना विचारून घ्यायच्या ठरवल्यात.

बरं असतानाचं तापमान मी कालनिर्णयावर तारखेखाली पेन्सिलीनं लिहिते. आजचं ९७.२. आई विचारतात, "दुधाचा हिशोब का गं?"