बॉल हातात नसताना

बेळगाव, रविवार रात्र

आज सरांचं उत्तरकार्य झालं. बोलणाऱ्यांनी त्यांना शिस्तप्रिय म्हटलं, कर्तव्यदक्ष म्हटलं. खोटं काहीच नाही त्यात, पण ही विशेषणं कुणाही निवृत्त शिक्षकाला लागू पडतात. जे फक्त सरांचंच होतं ते कुणाच्या बोलण्यात आलं नाही. मला तिथं बोलवेना, म्हणून इथं लिहिते.

सर शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी आम्हा मुलींना बास्केटबॉल. सराव सुरू झाला त्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला कोर्टाच्या मधोमध बसवलं आणि एक हिशोब घातला. सामना ४० मिनिटांचा. दोन्ही संघ मिळून कोर्टावर १० जणी. बॉल एकच. मग एकीच्या वाट्याला बॉल किती वेळ येतो? "चार मिनिटं!" आम्ही एकसुरात ओरडलो. "बरोबर. मग राहिलेली ३६ मिनिटं काय करणार, ते सांगा बघू."

कुणालाच सांगता येईना. सरांचा सगळा खेळ त्या ३६ मिनिटांचा होता. बास्केट झाली की बाकी सगळे टाकणारीचं नाव घेऊन ओरडायचे. सर मात्र तिला वाट मोकळी करून देण्यासाठी जी आडवी उभी राहिली होती तिच्याकडे बघून मान हलवायचे. ज्या मुलीकडे बॉल नाही तिच्या पायांवर त्यांचा डोळा. "पाय बघ की तुझे! पाहुणी आलीस काय?" हे आम्ही प्रत्येकीनं ऐकलंय.

वर्गातही तेच. हात वर करणाऱ्यांना त्यांनी फारसं कधी विचारलं नाही. खडू बोटात धरून ते शेवटच्या बाकापर्यंत जायचे आणि मान खाली घालून बसलेल्या मुलीच्या वहीत वाकून बघायचे. मग तिलाच ऐकू जाईल इतक्या आवाजात, "इथपर्यंत बरोबर आहे की गं. आता पुढची पायरी."

आमच्यातली एक जण सराव संपला की नळाला तोंड लावून पाणी प्यायची आणि तडक घरी निघायची. बाकीच्या डबे उघडून बसायच्या. आम्हाला वाटायचं तिला घरी लवकर बोलावतात. एके दिवशी सरांनी नियमच केला: डबे आणायचे नाहीत, सरावानंतर संघानं एकत्र खायचं, आणि खाल्ल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. त्या दिवसापासून पिशवीभर चुरमुरे, शेंगा, चिरलेला कांदा आणि वर तिखट-मीठ. वर्तमानपत्र पसरून त्यावर ढीग घालायचे आणि स्वतः बाजूला बसून नेट शिवायचे. नियम कुणासाठी केला होता हे ते कधीच बोलले नाहीत. खूप वर्षांनी तिनंच सांगितलं. आजही तिनं मला बाजूला घेऊन तेवढीच गोष्ट परत सांगितली.

त्रिकोणमितीचा तो तास मला आजही पाठ आहे. सरांनी बॉल वर्गात आणला, सुतळी गुंडाळून परीघ मोजला, सुतळी पट्टीवर धरली. ७७ सेंटिमीटर. "भागिले २२/७?" व्यास आला २४.५. रिंगचा व्यास ४५. बॉल थेट वरून पडला तर त्याला सगळी ४५ ची वाट मोकळी. पण सपाट, ३० अंशांत आला, तर त्याच्यापुढचं तोंड ४५ गुणिले साइन ३०, म्हणजे २२.५. "आता सांगा, साडेचोवीसचा बॉल साडेबावीसातनं रिंगला न लागता जाईल काय?" त्या संध्याकाळी आमचे सगळ्यांचे शॉट उंच झाले. कुणी सांगितलं म्हणून नाही, स्वतः गणित करून बघितलं होतं म्हणून. सूत्र म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं, आणि आज मी स्वतः जे शिकवते ते त्याच रस्त्यानं.

बेळगावचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. जून लागला की आमचं मातीचं कोर्ट म्हणजे तांबडा चिखल, फक्कीच्या रेषा पहिल्याच सरीत धुऊन जायच्या. दुसऱ्या शाळांचे सराव बंद पडायचे. सर आम्हाला कौलारू व्हरांड्यात घ्यायचे आणि म्हणायचे, आज १८९१ सालचा खेळ. अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकानं हिवाळ्यात कोंडून पडलेल्या पोरांसाठी हा खेळ काढला. पीचच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या, कठडा होता १० फुटांवर, म्हणून रिंग अजूनही १० फुटांवरच. त्याच्या मूळच्या १३ नियमांत बॉल घेऊन पळायला मनाई होती; जिथं झेलला तिथूनच पास द्यायचा. व्हरांड्यात आम्ही तेच खेळायचो. बॉल आपटायचा नाही, नुसते पास आणि जागा बदलणं. पावसाळा संपून कोर्टावर उतरलो की आमचे पास समोरच्या संघाला दिसायचेसुद्धा नाहीत.

कुणी पावसाला कंटाळली की बर्लिनची गोष्ट ठरलेली. १९३६ च्या ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकासाठी खेळला गेला, अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या कोर्टावर, धो धो पावसात. बॉल उसळेना. अमेरिकेनं कॅनडाला हरवलं ते १९-८ नं. म्हातारे नेस्मिथ त्या ऑलिम्पिकला हजर होते. "मास्तरानं काढलेला खेळ मास्तराच्या डोळ्यांदेखत ऑलिम्पिकला पोचला," हे सांगताना सरांचा आवाज जरा जड व्हायचा.

माझं खेळणं मात्र घरातच अडलं होतं. आम्ही वडगावात राहायचो, घरात यंत्रमाग, दिवसभर खडखडाट. धारवाडला सामने होते आणि बाबांनी नाही म्हणून सांगितलं होतं. सर संध्याकाळी सायकलवरून आले. लगेच विषय काढला नाही. मागाजवळ उभे राहून सुताचा भाव काय, साडीला किती वेळ लागतो, व्यापारी पैसे कधी देतो, सगळं विचारलं. मग बाबांनीच माग बंद केला आणि म्हणाले, "रात्रीचा मुक्काम आहे म्हणे, सर?" "आहे. माझी बायको येणार आहे पोरींसोबत." आई दाराआडून म्हणाली, चड्डी घालून खेळायचं आमच्यात चालत नाही. "वहिनी, सगळ्याच पोरींना लांब पँट शिवून घेऊया, मग तर झालं?" आणि खरंच सगळ्यांना शिवल्या. एकटी मीच वेगळी दिसू नये म्हणून.

आणखी एक लिहायलाच हवं. इथं १ नोव्हेंबरला एकाच शहरात बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणाऱ्यांचा काळा दिन असतो आणि कर्नाटकचा राज्योत्सवही. १९५६ पासूनचं हे दुखणं. सर दरवर्षी दंडाला काळी फीत बांधून फेरीत चालायचे, नोकरीची भीती बाळगली नाही. आमची कॅप्टन कन्नड घरातली. एका वर्षी नेमक्या त्याच दिवशी तिचा गुडघा सुजलेला. सर फेरीतून परतले आणि संध्याकाळी तिच्या घरी गेले, तिच्या अप्पांशी कन्नडात बोलत बसले, डॉक्टरांकडे घेऊन गेले. आपल्या मागणीवरून ते तसूभरही हलले नाहीत, आणि त्या मुलीला एका क्षणासाठीही परकं केलं नाही. दोन्ही एका माणसात मावतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आज ती हुबळीहून आली होती. तिच्याइतकं कुणी रडलं नाही.

जेवणं झाल्यावर सरांच्या मुलानं जुन्या वह्या काढून दाखवल्या. प्रत्येक सामन्याचं एक पान, आडव्या ओळीत आमची नावं. रकाने असे: पास, स्क्रीन (वाट मोकळी करायला आडवं उभं राहणं), रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं), परत धावली, पडलेलीला उठवलं. गुणांचा रकाना सगळ्यात शेवटी आणि अगदी अरुंद. धारवाडच्या सामन्यात माझ्या नावापुढं गुण शून्य, आणि 'परत धावली'चा रकाना खुणांनी भरून शेजारच्या रकान्यात गेलेला. तो सामना आम्ही हरलो होतो. विभागीय पातळीच्या पुढं आमचा संघ कधीच गेला नाही, आणि सरांना त्याचं दुःख होतं, ते लपवायचे नाहीत.

शाळेत आता मुलींचा संघ नाही. बोर्डाची फळी फुगलीय, रिंग वाकलीय. आज तिथंच बसून आम्ही ठरवलं, संघ परत उभा करायचा; मोठ्या बाईंना फोनही झाला, त्या हो म्हणाल्या. पैसे जमतील. मंगळवारी मी उद्यमबागेत फॅब्रिकेशनवाल्याकडे जाणार: व्यास ४५ सेंटिमीटर, उंची ३.०५ मीटर, कागदावर लिहून नेते. सोमवार ते बुधवार संध्याकाळी मी, पुढचे तीन दिवस वडगावचीच दुसरी एक जण. चुरमुऱ्यांचा खर्च कॅप्टननं हुबळीहून पाठवायचा, असं तिनंच बजावलंय.