मॅडम, तू चुकलीस

विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या अखेरीस उघडतात. हा मुलगा आला जुलैत, थेट स्वीडनहून. वयाप्रमाणे सहावीत बसवला. दाखला स्वीडिशमध्ये, त्यामुळे ऑफिसात तीन दिवस त्या कागदाचीच चर्चा. पोराला गणित कुठवर येतं, हे कोणी विचारलं नाही.

गुरुवारी चौथ्या तासाला अपूर्णांकांचा भागाकार होता. फळ्यावर ३/४ ÷ २/५. "दुसऱ्याला उलटं टांगा, मग गुणा" हे माझं वाक्य नागपूरच्या महाल भागातल्या निम्म्या पोरांना पाठ असेल. २१ वर्षं तेच शिकवतेय. त्या दिवशी बोलता बोलता टांगायचंच राहिलं. सरळ गुणून ६/२० लिहिलं, खाली रेघ मारली. वर्गाने मुकाट उतरवून घेतलं.

तो उभा राहिला. नुसतं माझं नाव घेऊन म्हणाला, "तू दुसरा उलटा नाही केलास."

मागून कोणीतरी "अबे!" केलं. मग चिडीचूप.

मी पुसून १५/८ लिहिलं. मधल्या सुट्टीपर्यंत बातमी स्टाफरूममध्ये. "काऊन हो मॅडम, ऐकून कसं घेतलं तुम्ही?" पालकांना बोलवायचं ठरलं. गणित चुकलं होतं, हे मी तिथे सांगितलं नाही.

आई बिचारी आल्या आल्या माफी मागू लागली. तिकडे शिक्षकांना नावानेच हाक मारतात. पूर्वी तिथेही पदव्या लावूनच बोलत. १९६७ साली ब्रूर रेक्सेड नावाच्या एका सरकारी अधिकाऱ्याने रुजू होतानाच सगळ्यांना 'तू' म्हणणार असं सांगितलं आणि ती चाल देशभर रुळली. आणि या मुलाचं मराठी सगळं आई-आजीकडून आलेलं. त्यांना आपलीही पोरं 'तू'च म्हणतात की. 'तुम्ही' त्याला कोण शिकवणार?

ते आम्ही शिकवलं. आता तो बाकावरच्या दोस्तालाही "तुम्ही पेन देता का?" म्हणतो. परवा शिपाईभाऊंना "तुम्ही" म्हणाला, तर त्यांनी मागे वळून पाहिलं. स्टाफरूममधून त्यांना "ए, चहा आण" एवढंच ऐकायची सवय.

काल वह्या तपासायला घेतल्या. अकरा वह्यांत अजून ६/२० आहे, खाली माझ्यासारखीच रेघ.