फुलामागचा निळा रेनकोट

“मावशी, ते मागं निळं काय आहे गं?”

भाच्याचा पहिला प्रश्न हा. फोटो होता कासच्या पठारावरच्या ‘सीतेची आसवं’ नावाच्या फुलाचा. २०१९ चा सप्टेंबर. नवा कॅमेरा घेऊन दोन महिने झाले होते आणि त्या एका फोटोसाठी मी पाऊण तास ओल्या जांभ्यावर गुडघे टेकून बसले होते. बोटाच्या पेराएवढंही नसतं ते फूल, जांभळट निळं, वाऱ्यावर सारखं डुलणारं. फोकस अचूक लागला होता. पाकळीवरचा थेंबसुद्धा दिसत होता. आणि त्याच्या बरोबर डोक्यावर, टोपी घातल्यासारखा, एक झगझगीत निळा डाग.

तो आमच्या ह्यांचा रेनकोट होता. मागं पंधरा फुटांवर उभं राहून ते बिचारे माझी छत्री आणि चपला सांभाळत होते.

बरं, नुसता तोच फोटो नाही. त्या दिवशीचे चारशेवर फोटो पुन्हा उघडून बघितले. फूल सगळ्यांत छान. पण एकात मागं पांढरी गाडी, एकात कुणाचेतरी पाय, आणि बऱ्याचशांत राखाडी आभाळाचा एवढा मोठा तुकडा, की त्याच्यापुढं फूल काळंठिक्कर. मी फक्त फूल बघत होते, कॅमेरा मात्र चौकटीतलं सगळं बघत होता.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली: आधी मागचं बघायचं, मग पुढचं. फोटोग्राफीत मला जे काही थोडंफार जमायला लागलं, ते बहुतेक या एका सवयीतून जमलं. बाकी मी पतसंस्थेत नोकरी करणारी बाई. कॅमेरा कॅनन १५००डी, लेन्स ५५-२५० मिलिमीटरची झूम. दोन्हीला हौशी लोकांच्या ग्रुपमध्ये फारसा मान नाही. “मॅडम, निदान ६०० ची लेन्स तरी घ्या” हे मी सहा वर्षं ऐकतेय. घेईन की, पगारवाढ झाल्यावर.

तर मागचं बघायचं म्हणजे काय करायचं? फूल सापडलं की मी आता कॅमेरा पिशवीतच ठेवते आणि त्याच्याभोवती हळूहळू फिरते, जिथपर्यंत वाट आहे तिथपर्यंतच. दोन पावलं डावीकडं गेलं तर मागं तेरड्याचा गुलाबी पट्टा येतो. तिथंच खाली बसलं तर तो पट्टा वर सरकून जातो आणि मागं लांबच्या गवताचा मऊ हिरवा येतो. उभं राहून वरून खाली फोटो काढला की फुलाच्या लगेच मागं जमीन असते, तीही फुलाइतकीच स्पष्ट येते, मग सगळी खिचडी. फुलाच्या उंचीला डोळा नेला की मागचं दहा-वीस मीटर लांब जातं आणि आपोआप विरघळतं. त्यासाठी महागडी लेन्स लागत नाही. ती ५५-२५० पूर्ण ताणून २५० वर ठेवायची आणि जेवढं जवळ जाता येईल तेवढं जायचं. माझी लेन्स पाऊण-एक मीटरपर्यंत फोकस करते. फूल जवळ आणि मागचं लांब, एवढं साधलं की लेन्सचं ५.६ चं छिद्रसुद्धा (अ‍ॅपर्चर) पुरतं.

कासला वारा थांबत नाही. लेन्समधलं ते स्थिरीकरण आपला हात हलला तर सांभाळून घेतं, फूल हललं तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या १/५०० च्या खाली आणायचा नाही, मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ८०० होवो नाहीतर १६००. थोडे दाणे दिसले तर दिसले. आणि ढगाळ दिवस मिळाला म्हणून नाक मुरडायचं नाही. ऊन नसलं की रंग दाट येतात, कडक सावल्या पडत नाहीत. आभाळ तेवढं चौकटीत घ्यायचं नाही.

एक सांगायलाच हवं. डोळा फुलाच्या उंचीला नेण्यासाठी लोक सरळ आडवे होतात. कासच्या जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ असतो की हाताचं कोपर टेकलं तरी खाली दगड लागतो. सगळा संसार त्या पातळ थरात. सीतेची आसवं तर कीटकभक्षी, त्यांचे फुगे ओल्या मातीत असतात, त्यात बारीक जीव अडकतात. एका फोटोसाठी तुम्ही आडवे झालात की शंभर झाडं अंगाखाली. मी स्वतः तेव्हा गुडघे कुठं टेकले होते ते आठवलं की अजून चरफडायला होतं. आता वाटेवरच्या उघड्या कातळावर बसून कॅमेरा हातात खाली धरते, मान वाकडी करून बघते. मोबाइल असेल तर उलटा धरायचा, लेन्स जमिनीकडं येते.

पक्ष्यांचं मला भिगवणला कळलं.

फेब्रुवारीत गेलो होतो, रात्री तीनला साताऱ्याहून निघून फलटण-बारामतीमार्गे. उजनी धरणाचं फुगवट्याचं पाणी, मैलोन्‌मैल. काठाला कुंभारगाव, डिकसळ, आणि होड्या चालवणारे मासेमारी करणारे लोक. आमचे होडीवाले दादा चाळिशीचे असतील. बोलणं कमी. अंधारातच होडीत बसलो. उजाडलं तेव्हा समोर रोहित पक्ष्यांचा थवा, दोनएकशे तरी. माझे हात थरथरायला लागले. कॅमेरा वर केला तोच दादा म्हणाले, “ताई, थांबा. वारं बघू द्या.”

वारं कशाला बघायचं?

त्यांनी इंजिन बंद केलं आणि बांबूनं होडी ढकलत, थव्याला मोठा वळसा घालून, पार दुसऱ्या अंगाला नेली. वीस मिनिटं गेली त्यात. मनातल्या मनात मी त्यांना काय काय बोलले असेन! उजेड चालला होता ना. मग होडी थांबली आणि ते म्हणाले, “हे पाखरू जड. पळत पळत उठतंय. वाऱ्याला तोंड दिल्याशिवाय उठत न्हाई. वारं उगवतीकडनं आहे. आता उठलं की तुमच्याकडंच येतंय, आन् तोंडावर ऊन बी आहे.”

सूर्य आमच्या पाठीशी, वारा आमच्या पाठीशी, थवा समोर. आधीच्या जागेवरून मला दोनशे रोहितांच्या पाठी मिळाल्या असत्या. अर्ध्या तासानं थव्यातले सात-आठ पक्षी आपणहून उठले. पाण्यावर टपटपटप पावलं टाकत, माना लांब करून, सरळ आमच्या दिशेनं. पंखांखालचा तो लाल-काळा रंग उन्हात उघडला. दादा कॅमेऱ्याकडं बघतही नव्हते, विडी शोधत होते.

दुसऱ्या एका होडीतले लोक त्याच वेळी त्यांच्या होडीवाल्याला ओरडून सांगत होते, “उडवा की जरा!” आमचे दादा नुसते मान हलवून म्हणाले, “हजार कोसांवरनं येतंय ते, तुमच्यासाठी उडायला न्हाई.”

घरी येऊन फोटो उघडले आणि रडायची पाळी आली. वेळ बरोबर, शटर १/२०००, डोळा स्पष्ट, पण अंग सगळं पांढरंफटक. पिसांचा पत्ता नाही, इस्त्री केलेला शर्ट उडतोय असं वाटावं. कारण नंतर समजलं, आणि ते मला माझ्याच भाषेत समजलं. आमच्या पतसंस्थेत समजा शंभर खाती आहेत. नव्व्याण्णव खात्यांत पाचशे-पाचशे रुपये आणि एकात ५० लाख. सरासरी येते पन्नास हजाराच्या वर. कागदावर सगळेच बरे दिसतात. कॅमेराही अशीच सरासरी काढतो. चौकटीतलं बहुतेक काळसर पाणी असलं, की त्याला वाटतं फार अंधार आहे, मग तो सगळंच उजळवतो. पाणी बरं दिसतं आणि पांढरा पक्षी जळून जातो. उपाय एका बटणाचा: एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एक, म्हणजे फोटो मुद्दाम एक पायरी काळसर घ्यायचा. पाणी काळं पडलं तर पडू दे, ते नंतर थोडं उजळता येतं. जळलेलं पीस काही केल्या परत येत नाही. आणि हाच बगळा पांढऱ्या आभाळावर असला तर उलटं, अधिक एक, नाहीतर बगळ्याचा कावळा होतो. म्हणजे इथंही सगळा कारभार मागच्यावरच.

भिगवणला वर्षातून एकदा जाणं होतं. शिकायला जागा हवी ती चप्पल घालून निघता येईल अशी. माझी जागा म्हणजे माहुली. साताऱ्याच्या पूर्वेला पाचेक किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा भेटतात तिथं. घाट, जुनी देवळं, धुणं धुणाऱ्या बाया आणि पाणकावळे. तिथं पाण्यात अर्धी बुडालेली बाभळीची एक वाळकी फांदी होती. तिच्यावर खंड्या बसायचा, आपला नेहमीचा, तांबड्या चोचीचा, पांढऱ्या गळ्याचा. मी दर रविवारी सकाळी त्या फांदीसमोर, घाटाच्या तिसऱ्या पायरीवर बसायला लागले.

सगळे सांगतात, सूर्योदयाचा उजेड सर्वांत चांगला. मी पण साडेसहाला जाऊन बसायचे. फोटो येत होते, पण खंड्याच्या मागं समोरचा काठ सोनेरी उन्हात न्हाऊन निघालेला, गवताचं पातं न् पातं दिसतंय, त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, आणि या सगळ्यात कुठंतरी खंड्या. पाचव्या का सहाव्या रविवारी घरी पाहुणे होते म्हणून उशीर झाला, साडेआठला पोचले. बघते तर समोरचा काठ गायब! त्या काठावरची झाडी पाण्यावर ओणवी झालेली आहे. सूर्य खाली असतो तोवर ऊन तिच्या पोटाखाली शिरतं. सूर्य जरा वर चढला की झाडीच आपल्या पोटाखाली सावली धरते. फांदी मात्र उघड्यावर, उन्हात. म्हणजे मागं काळोख आणि पुढं उजेडात खंड्या. उणे दीड केलं आणि पाठीवरचा तो निळा असा उमटला की मी पायरीवर एकटीच हसले. शेजारी धुणं धुणाऱ्या मावशींनी विचारलं, “काय गावलं का?”

हा खेळ तासभरच चालतो. साडेनऊनंतर ऊन डोक्यावर यायला लागतं आणि खंड्याच्या छातीखाली कडक सावली पडते. पण तो तास कुठल्या पुस्तकात मिळाला नसता, कारण तो त्या काठाचा आणि त्या झाडीचा तास आहे. तुमच्या तळ्याचा वेगळा असेल.

एका गोष्टीचा फोटो माझ्याकडं नाही. एप्रिलमध्ये नदीच्या पात्रातल्या वाळू-गोट्यांत टिटवीची चार अंडी दिसली. गोट्यांसारखीच, ठिपक्यांची. मी लेन्स लावून जवळ गेले. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत किंचाळत होती. लोक तिचं ओरडणं अपशकुनी मानतात, मला त्या वेळी ते नुसतं त्रासदायक वाटलं, हे कबूल करते. सात-आठ फोटो काढले. मग गोट्यांवर हात टेकला आणि पटकन उचलला, इतके तापले होते. त्या तापात ती अंडी माझ्यामुळं उघडी पडली होती. कॅमेरा पिशवीत कोंबून पार घाटापर्यंत मागं आले. टिटवी आधी पाण्याकडं गेली. उथळ पाण्यात बसली, पोट भिजवलं, आणि ओल्या पोटानं दुडदुडत जाऊन अंड्यांवर बसली. गार करायला. पुन्हा पाणी, पुन्हा अंडी. तीन खेपा मी मोजल्या. आधीचे सात-आठ फोटो त्याच रात्री पुसून टाकले. घरट्याचा फोटो आता मी काढत नाही, आणि कुणी ग्रुपवर टाकला तर त्याला लाइकही देत नाही.

फोटो नंतर सुधारण्याबद्दल मला फारसं सांगण्यासारखं नाही. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं काही न सुधारलेल्या कच्च्या फाइलमध्ये काढते, थोडं कापते, थोडं उजळवते. आभाळ बदलणं, मागचं पुसून दुसरं चिकटवणं, हे आता मोबाइलवरही होतं म्हणे. भाच्यानं तो रेनकोट एका मिनिटात गायब करून दाखवला. छान दिसत होता. मी तरी जुनाच ठेवलाय, ह्यांच्यासकट.

या ऑगस्टमध्ये धरणांतून पाणी सोडलं आणि माहुलीचं पात्र दुथडी भरलं. पूर ओसरल्यावर गेले तर बाभळीची फांदी नव्हती. खंड्या होता, विजेच्या तारेवर, माझ्याकडं पाठ करून. गेले तीन रविवार मी नवी फांदी शोधतेय. एक मिळालीय, संगमाच्या जरा वरच्या अंगाला. पाण्यावर बरोब्बर हातभर, खंड्याही दोनदा बसून गेला. पण तिच्या मागं, ऐन मध्यभागी, कुणीतरी निळं पिंप ठेवलंय.